सहा गुणांची सरासरी असलेल्या ब्रूस बोवेनची जर्सी निवृत्त का केली? नुसत्या डिफेन्सवर बास्केटबॉलमध्ये करिअर होतं का?

तुम्ही एकात दोन प्रश्न विचारलेत. एनबीए म्हणजे अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग; तिथल्या निवडक ताऱ्यांच्या सामन्यात, म्हणजे ऑल-स्टारमध्ये, बोवेन कधी नव्हता, कारकिर्दीची सरासरी सामन्यामागे जेमतेम ६.१ गुण, तरी त्याच्या सॅन अँटोनियो स्पर्स या संघाने त्याचा १२ नंबर छताला का टांगला, म्हणजे पुढे दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही असं का ठरवलं, हा पहिला. तुमच्या मुलाचा डिफेन्स चांगला आहे पण कोच म्हणतात ‘स्कोअर नाही तर निवड कठीण’, मग त्याने काय करावं, हा दुसरा. पहिल्यावर मी रात्रभर बोलू शकतो. दुसऱ्यावर माझं उत्तर अर्धवटच असणार, कारण माझ्या बाबतीत तो प्रश्न एका निवड समितीने दोन मिनिटांत निकालात काढला होता, आणि या विषयावर माझं डोकं अजून थंड राहत नाही.

आधी एक गोष्ट. ‘नशिबाने चांगल्या टीममध्ये पडला’ असं तुम्ही लिहिलंय. पडला वगैरे काही नाही. १९९३ साली कॅल स्टेट फुलर्टनमधून बाहेर आला तेव्हा एनबीएच्या एकाही संघाने त्याला नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, घेतलं नाही. मग गेला फ्रान्सला. ल हाव्र, एव्रो, बेझाँसाँ. मधल्या काळात अमेरिकेतल्या दुय्यम लीगमध्ये रॉकफर्डकडून. एनबीएत पहिल्यांदा पाय ठेवला तो १९९६-९७ च्या मोसमात, मायामीकडून, एका सामन्यात, एक मिनिट. त्या मिनिटात शॉट घेतलाच नाही, ब्लॉक मात्र एक मारला. पुढे बॉस्टन, फिलाडेल्फिया, परत मायामी. स्पर्समध्ये आला २००१ साली, म्हणजे तिशीत. या वयात आपल्याकडचे खेळाडू पोट सुटून पंचगिरी करायला लागलेले असतात.

तिथून पुढे २००३, २००५, २००७ अशी तीन विजेतेपदं. ऑल-डिफेन्सिव्ह संघात, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम बचावपटूंच्या पहिल्या-दुसऱ्या मानाच्या संघांत, आठ वेळा निवड, त्यातली शेवटची पाच वर्षं सलग पहिल्या संघात. आता इथे थांबा, कारण माझा सगळा मुद्दा इथेच आहे. त्या काळात ही निवड एनबीए संघांचे मुख्य प्रशिक्षक मतं देऊन करायचे आणि स्वतःच्या खेळाडूला मत देता यायचं नाही. म्हणजे बोवेनला मतं दिली ती ज्यांच्या स्टार खेळाडूचं त्याने रात्रभर वाटोळं केलं त्यांनी. ‘सर्वोत्तम बचावपटू’ हा एकट्याचा पुरस्कार मात्र पत्रकारांच्या मतांवर असतो. तिथे बोवेन २००५, २००६ आणि २००७, तिन्ही वर्षं दुसरा. पत्रकारांना ब्लॉक दिसतात, रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेला बॉल) दिसतात. बोवेनचे स्टील (हिसकावलेले बॉल) आणि ब्लॉक दोन्ही, कारकिर्दीच्या सरासरीत, सामन्यामागे एकाच्याही आत. समोरच्याला आवडत्या जागेवर बॉल मिळालाच नाही, तो दोन फूट लांब मिळाला, आणि मग त्याने कंटाळून पास देऊन टाकला, हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

आमच्या वेळी तर रकानेच दोन होते. गुण आणि फाउल.

आमचं गाव विदर्भातलं. कॉलेजचं कोर्ट सिमेंटचं, एका बाजूचं बोर्ड फायबरचं, दुसऱ्या बाजूचं लाकडी. आंतरमहाविद्यालयीन फायनल होती, ऑक्टोबरच्या उकाड्यात, संध्याकाळी हॅलोजनखाली. समोरच्या टीममध्ये एक डावखुरा होता. आधीच्या प्रत्येक सामन्यात पंचवीसच्या आसपास मारून आलेला. सरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, “तू बॉलकडे पाहूच नको. हा पाणी प्यायला गेला तर मागे जाऊन उभा राह्य.”

मी आदल्या दोन्ही दिवशी त्याचे सामने पाहून ठेवले होते. कोर्टावरची तीन-गुणांची रेघ पार पुसट झालेली होती. त्यामुळे लांबून मारायचं ठरवलं की हा पठ्ठ्या आधी खाली बघायचा, पाय रेघेच्या बाहेर आहे का ते तपासायला. आत घुसायचं असेल तेव्हा खाली बघायचा नाही, बॉल उजव्या गुडघ्यापाशी न्यायचा आणि मग डावीकडे निघायचा. बस, एवढंच. त्याची मान खाली गेली की मी हात वर करून अंगावर जायचो. बॉल गुडघ्याशी गेला की मी आधीच डावीकडे सरकलेला असायचो, म्हणजे त्याला उजव्या हाताने खेळावं लागायचं, आणि उजवीकडे आमचा सहा-फुटी सेंटर उभा. पण खरं काम बॉल त्याच्याकडे यायच्या आधीचं होतं. पासच्या रस्त्यात एक हात घालून, त्याच्या बरगडीला कोपर टेकवून मी उभा. त्यांचा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणून खेळ चालवणारा, बॉल आपटत याच्याकडे बघतोय, शॉट घ्यायला किती सेकंद उरले ते दाखवणारं शॉट क्लॉक काही आमच्याकडे नव्हतं, टेबलावरचा मुलगा स्टॉपवॉच धरून ओरडतोय, “पाच सेकंद! पाच!” आणि मग तो बॉल भलत्याच पोराच्या हातात जाऊन रिंगपासून हातभर लांब पडतोय. हा आवाज मला अजून आवडतो.

डावखुरा नऊ गुणांवर राहिला. दुसऱ्या हाफमध्ये त्याने मला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. आम्ही जिंकलो. ‘बेस्ट प्लेअर’चा चषक आमच्याच टीममधल्या टॉप स्कोअररला गेला. जाऊ दे, त्याने मारले होते. पेपरात आलं तेही त्याच्याच ‘धडाकेबाज खेळीच्या जोरावर’. तेही जाऊ दे. पण विद्यापीठ संघाच्या शिबिराची यादी लागली तेव्हा त्यात आमचा स्कोअरर होता आणि मी रोखलेला डावखुराही होता. मी नव्हतो.

मी जिमखान्याच्या खोलीत विचारायला गेलो. निवड समितीतले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी फायनलचं स्कोअरशीट काढलं, माझ्या नावावर बोट ठेवलं. गुण दोन. पुढच्या चौकटींत चार वेळा इंग्रजी पी. फाउलचा. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “फाउल बरेच आहेत तुझे.”

मला त्या गृहस्थांचा फार राग नाही. त्यांनी सामना पाहिलाच नव्हता आणि कागदावर तेवढंच होतं. माझ्या बाजूने साक्ष देण्याच्या लायकीचा माणूस एकच होता, आणि तो मला शिव्या देत घरी गेला होता. बोवेनच्या बाबतीत मात्र त्या डावखुऱ्यांच्याच प्रशिक्षकांना मत विचारलं गेलं.

गंमत बघा, आपले देशी खेळ याबाबतीत जास्त शहाणे आहेत. कबड्डीत पकडीला गुण मिळतो. खो-खोच्या बातमीत आधी आक्रमणात किती गडी बाद केले ते येतं, पण त्याच वाक्यात अमुक मिनिटं संरक्षण केलं हेही येतं. बास्केटबॉल खेळणारा संरक्षक सव्वा तास पळून येतो आणि त्याच्या नावापुढे फक्त गुन्ह्यांची यादी राहते.

त्या स्कोअररशी माझा वाद आजतागायत चालू आहे. मित्र आहे, जुना, आता शाळेच्या पोरांना शिकवतो. ग्रुपवर कुणी एनबीएचा व्हिडिओ टाकला की सुरू. त्याचं म्हणणं, “डिफेन्स म्हणजे मेहनत बे, स्कोअरिंग म्हणजे टॅलेंट. तू त नुसता पळत होता.” तुमच्या मुलाचे कोच हेच सभ्य भाषेत म्हणताहेत. हे शंभर टक्के चूक आहे. नुसतं पळून कुणी अडत नाही. बोवेन काही फार उडणारा नव्हता, फार दणकटही नव्हता. त्याला माहिती असायची. कोण कुठल्या खांद्यावरून वळतो, कोण स्क्रीनच्या (साथीदाराने वाटेत उभं राहून केलेल्या आडोशाच्या) वरून येतो, कुणाला बॉल हातात घेतल्यावर एक ड्रिबल मारल्याशिवाय शॉट घेता येत नाही. २००४ नंतर लीगने हाताने अडवण्यावर कडक कारवाई सुरू केली. सगळ्यांना वाटलं, याची दुकानदारी बंद. उलट पुढची चार वर्षं तो पहिल्या संघातच राहिला, कारण त्याचा डिफेन्स हातात नव्हताच, पायात होता. २००७ च्या फायनलमध्ये २२ वर्षांचा लेब्रॉन जेम्स मुख्यतः त्याच्याच ताब्यात होता. लेब्रॉनचे साधारण तीनांतले दोन शॉट चुकले आणि त्याचा संघ, क्लीव्हलंड, ४-० ने गेला.

हं, आता इथे कुणीतरी ‘मागे टिम डंकन उभा होता म्हणून’ असं लिहिणार. बरोबर आहे. बोवेन माणसाला बेसलाइनकडे, म्हणजे रिंगमागच्या रेघेकडे, ढकलायचा कारण तिकडे स्पर्सचा उंच डंकन होता. दुसऱ्या टीममध्ये हाच डिफेन्स निम्मा दिसला असता. म्हणून तुमचा ‘नशिबा’चा मुद्दा मी चार आणे मान्य करतो. पण ग्रेग पॉपोविचसारख्या प्रशिक्षकाने आठ मोसम त्याला तिथेच उभा केला, तो दया म्हणून नाही.

दुसरी गोष्ट, जी त्याचे चाहते गाळतात. तो घाणेरडा खेळायचा का? काही वेळा, हो. वॉली झर्बियाकच्या तोंडावर उडून मारलेली लाथ आहे, रे ॲलनच्या पाठीत लागलेली आहे, २००७ च्या प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेरीत) स्टीव्ह नॅशच्या जांघेत घातलेला गुडघा आहे. सगळ्यात वाईट सवय म्हणजे उडी मारून शॉट घेणाऱ्याच्या खाली पाय सरकवायची. माणूस खाली येतो तो त्या पायावर, आणि घोटा जातो. मार्च २००८ मध्ये खाली पडलेल्या ख्रिस पॉलला पाय मारला म्हणून एका सामन्याची बंदी आली आणि सलग ५०० सामन्यांची साखळी तिथे तुटली. पुढे २०१७ मध्ये समोरच्या संघातल्या झाझा पाचुलियाच्या पायावर पडून स्पर्सच्याच क्वाय लेनर्डचा घोटा गेला, पॉपोविच भयंकर संतापला, आणि लोकांनी लगेच त्याला बोवेनची आठवण करून दिली. त्याच्या पुढच्या मोसमापासून अशा पाय घालण्याला जबर फाउल देता येऊ लागला. मी कोपर टेकवायचो, पाय कधी घातला नाही. हा फरक तुमच्या मुलाला आत्ताच सांगून ठेवा, कारण डिफेन्सच्या नावाखाली हेही शिकवणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत.

जर्सीचं म्हणाल तर ती मार्च २०१२ मध्ये टांगली. २०१५ साली लामार्कस ऑल्ड्रिज संघात आला, त्याला १२ च नंबर हवा होता, तर बोवेनने स्वतः परवानगी देऊन टाकली. मला हे आवडतं. आमचा स्कोअरर चषक अजून शोकेसमध्ये ठेवतो.

आता मुलाचं. कोचशी भांडू नका, पण एकदा त्यांना विचारा की समोरच्या टीमचा सगळ्यात चांगला खेळाडू कोणाच्या अंगावर सोडता? उत्तर तुमच्या मुलाचं नाव असेल तर त्यांना सगळं कळतंय, फक्त कबूल करायचं नाहीये. घरून कुणीतरी सामन्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढत जा. समोरच्याने किती शॉट घेतले आणि त्यांतले किती मुलाच्या तोंडासमोरून घेतले, एवढं वहीत लिहायला लागा. माझ्या वेळी हे असतं तर मी त्या खोलीत रिकाम्या हाताने गेलो नसतो.

आणि हो, त्याला एक शॉट द्या. एकच. नुसत्या डिफेन्सवर करिअर होत नाही हे बोवेनलाही कळलं होतं. त्याने कोपऱ्यातला तीन-गुणी शॉट निवडला. एनबीएच्या कोर्टवर कोपऱ्यातून रिंग २२ फुटांवर असते, समोरून पावणेचोवीस, म्हणजे तेवढाच पावणेदोन फूट फायदा. तिथे जाऊन उभा राहायचा, स्पर्सचा पॉइंट गार्ड टोनी पार्कर आत घुसून बॉल बाहेर टाकायचा, याने मारायचा. २००२-०३ मध्ये त्याच्या तीन-गुणी शॉटची टक्केवारी होती ४४.१, अख्ख्या लीगमध्ये पहिली. त्याच वर्षी प्लेऑफमध्ये लेकर्सविरुद्ध दुसऱ्या सामन्यात सात तीन-गुणी मारून २७ गुण केले. त्या एका शॉटमुळे त्याला कोर्टवर ठेवणं परवडायचं, आणि कोर्टवर असला की बाकीचं काम तो करायचाच. याला माझा मित्र ‘बघ, शेवटी स्कोअरिंगच’ म्हणेल. म्हणू दे.

करिअर म्हणजे पोटापाण्याचं विचारत असाल, तर आपल्याकडे अजूनही बास्केटबॉलवाल्याची मोठी आशा म्हणजे रेल्वे, पोलीस, सैन्यदल यांची खेळाडू भरती. तिथे प्रमाणपत्रं लागतात, त्यासाठी निवड लागते, आणि निवडीला स्कोअरशीट. म्हणजे फिरून त्याच खोलीत. तेव्हा दहावी-बारावीचा अभ्यास सोडायला सांगू नका.

फ्री थ्रोचा सराव मात्र रोज करून घ्या. ज्या मोसमात बोवेन लांबून लीगमध्ये पहिला होता, त्याच मोसमात रेघेवरून, समोर कुणी नसताना, त्याची टक्केवारी होती ४०.४. तेवढं एक त्याच्याकडून शिकू नये.