ते कोटेशन बाजूला ठेव, आधी बाथरूमची गळती शोध

अगं,

आजीचा पुण्यातला कर्वेनगरचा फ्लॅट भाड्याने द्यायचा म्हणून तू पाठवलेलं इंटिरियरवाल्याचं कोटेशन चष्मा लावून दोनदा वाचलं. 6 लाख 40 हजार. फॉल्स सीलिंग, टीव्ही युनिट, हॉलच्या एका भिंतीला टेक्श्चर, मॉड्युलर किचन, संडास-बाथरूम एकत्र करून 'मोठी लक्झरी टॉयलेट', आणि अख्ख्या कोटेशनमध्ये प्लंबिंगला एक ओळ, तीही 'गरजेनुसार'. हा माणूस तुझ्या राहण्यासाठी घर सजवतोय, भाड्याने द्यायच्या घराचा त्याने विचारच केलेला नाहीये.

आधी हिशोब करू. आजीच्या त्या बिल्डिंगमध्ये आत्ता वन बीएचकेला 17 हजार मिळतात आणि तू म्हणतेस एवढं सगळं केल्यावर 21 मागेन. समज मिळाले 21. म्हणजे महिन्याला 4 हजार जास्त. आता हेच 6.40 लाख तू एफडीत 7 टक्क्यांनी ठेवलेस तर वर्षाला 44,800, म्हणजे महिन्याला 3,700 च्या वर नुसतं व्याज, आणि मुद्दल तसंच्या तसं परत. फॉल्स सीलिंगचं मुद्दल कोण परत देणारे? दहा वर्षांनी ते पिवळं पडून खाली येणार आणि काढायला परत मजूर लावायचे. शिवाय 21 मिळणारच नाहीत गं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, चारचाकीला पार्किंग नाही, ज्याच्या खिशात 21 आहेत तो नवीन बिल्डिंगमध्ये लिफ्टवाला फ्लॅट बघेल. प्रत्येक बिल्डिंगची एक वरची लाईन ठरलेली असते, आतून संगमरवर लावलास तरी भाडं त्या लाईनच्या फार वर जात नाही. तुझी लाईन माझ्या अंदाजाने साडेअठरा, फार तर 19.

मग पैसा कुठे मिळतो? घर रिकामं न राहण्यात. भाडेकरू अकरा महिन्यांनी गेला आणि नवीन मिळेपर्यंत दीड महिना कुलूप राहिलं तर साडेपंचवीस हजार बुडाले, म्हणजे महिन्याला दोन हजाराच्या वर, आणि सोसायटीचा मेंटेनन्स चालूच, कॉर्पोरेशनचा टॅक्स चालूच, एजंटचं वेगळं, प्रत्येक वेळी रंगाचा टचअप वेगळा. तेच जोडपं तीन वर्षं टिकलं तर हे सगळं वाचतं. म्हणून कुठल्याही खर्चापुढे एकच प्रश्न लाव, ह्याच्यामुळे माणूस जास्त दिवस राहील का? मी इथले जे फ्लॅट सांभाळते (मालक सगळे बाहेर, कोणी बंगलोर कोणी दुबई) तिथून माणसं का सोडून जातात सांगू? ओल, बाथरूमला पाण्याचा जोर नसणं, गिझर लावला की फ्यूज उडणं, वॉशिंग मशीनला जागा नसणं, डास. फॉल्स सीलिंग नाही म्हणून कोणी घर सोडल्याचं मला माहीत नाही.

तर पहिलं बाथरूम. तीस वर्षं जुनी बिल्डिंग आहे, पाईप जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे असणार, ते आतून गंजून गंजून भोक पेन्सिलएवढं होतं आणि मग शॉवरमधून नुसती धार पडते. खालच्या आजोबांनी छताला डाग पडलाय म्हणून तुला सांगितलं होतं ना, ते डोक्यात ठेव, कारण त्यावरून सगळा खर्च ठरणार आहे. डाग दोन कारणांनी पडतो. एक, भिंतीतली पाण्याची लाईन गळते, मग तो डाग कायम ओला राहतो, तुमच्याकडे कोणी आंघोळ करो न करो. दुसरं, खालचं वॉटरप्रूफिंग गेलंय किंवा नहाणी ट्रॅपची (फरशीतल्या पाणी जायच्या भोकाची) कड सुटलीय, मग वापर झाला की ओल वाढते आणि घर काही दिवस बंद असलं की सुकायला लागते. पहिल्यात नुसते पाईप बदलून भागतं. दुसऱ्यात फरशी स्लॅबपर्यंत उखडायची, खालचा भराव काढायचा, वॉटरप्रूफिंग करायचं, आणि मग, हे नीट ऐक, फरशी बसवायच्या आधी ट्रॅपला बूच मारून पाणी तुंबवून दोन दिवस ठेवायचं. ठेकेदार म्हणेल मॅडम गरज नाही, आपलं काम पक्कं असतं. पाणी ठेवल्याशिवाय पुढचा हप्ता द्यायचा नाही, बास. फरशी लागली की आत काय केलंय ते कोणाला दिसत नाही.

ह्याच खर्चात पाईप सीपीव्हीसीचे, म्हणजे न गंजणाऱ्या प्लास्टिकचे करून घे, फरशी खरखरीत घे, उतार ट्रॅपकडेच आहे ना ते बादलीभर पाणी ओतून बघ. आणि संडास-बाथरूम एकत्र अजिबात करू नकोस! फोटोत मोठं दिसतं पण सकाळी साडेआठला दोघांनाही ऑफिसला निघायचं असतं तेव्हा वेगळं असण्यासारखं सुख नाही, आणि उद्या कमिन्स कॉलेजच्या तीन मुली मिळून घर बघायला आल्या तर त्या आधी हेच बघतात. भारतीय भांडं काढून कमोड मात्र बसव, कोणाचे आई-वडील गावाहून येतात, गुडघे दुखतात, त्या एका कारणावरून घर नाकारलेलं मी पाहिलंय. हे सगळं मिळून एक-सव्वा लाखाच्या घरात जाईल. जाऊ दे. इथे कंजूषी नको.

दुसरं वायरिंग. दाराच्या वर ती पांढरी चिनीमातीची किटकॅट फ्यूजची पाटी अजून आहे, मी बघितलीये. ती काढून एमसीबीचा (लोड वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचचा) बोर्ड आणि सोबत 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, ज्याने शॉक जिवावर बेतायच्या आत लाईन तुटते, पण अर्थिंग नीट आहे का तेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे. गिझरला आणि बेडरूममध्ये एसीसाठी 4 चौरस मिलीमीटरची वेगळी तांब्याची वायर ओढून ठेव. एसी स्वतः लावू नकोस, नुसता पॉईंट आणि पाईपला भिंतीत भोक. ज्याला हवा तो भाड्याने आणून लावेल, बिघडला तर फोन तुला येणार नाही.

आणि कोपऱ्यातली ती कोरडी बाल्कनी, जिथे आजी कुंड्या ठेवायची. तिथे एक नळ, मशीनचं पाणी जायला एक आउटलेट आणि 16 अँपिअरचा सॉकेट. पाच-सात हजाराचं काम असेल, अख्ख्या घरात ह्याच्याइतकं परत देणारं दुसरं काही नाही. घर बघायला आलेली बाई हॉल बघते, किचन बघते आणि तिसरा प्रश्न "मशीन कुठे ठेवायचं?" हा असतो. बाथरूममध्ये असं उत्तर दिलंस की चेहरा पडतो, मग लाखाचं टीव्ही युनिट दाखव नाहीतर ताजमहाल दाखव.

किचनचं 1 लाख 90 हजार सरळ काट. ओटा कडाप्प्याचा आहे, तो मजबूत असतो, त्यावर ग्रॅनाईट टाकून घे, खोल सिंक बसव, टाईल्स माळ्यापर्यंत ने म्हणजे फोडणीचे डाग भिंतीत शिरत नाहीत, एक्झॉस्ट फॅन, आणि प्युरिफायरला पॉईंट. खाली स्टीलच्या ट्रॉल्या चार पुरे. सिंकच्या खाली प्लायवूड अजिबात नको, कितीही वॉटरप्रूफ म्हणाले तरी भाड्याच्या घरात सिंक गळतंय हे तुला सहा महिन्यांनी कळणार, तोवर ते फुगून झुरळांची वसाहत झालेली असते. पन्नास-साठ हजारात बसतं.

फर्निचरचं तू विचारलंस. सोफा, बेड, टीव्ही नको. हिंजवडीच्या बाजूला एकटी राहणारी मुलं बॅग घेऊन येतात, तिथे फुल फर्निश्ड चालतं, कर्वेनगरला संसार घेऊन माणसं येतात, त्यांच्याकडे स्वतःचा पलंग असतो आणि तुझा कुठे ठेवू म्हणून तेच तुझ्याशी भांडतात. पंखे, लाईट, गिझर, एक दणकट कपाट, सगळ्या खिडक्यांना जाळ्या, सेफ्टी डोअर. आणि पडद्याचे रॉड तू स्वतः बसवून दे, शंभर-दोनशेची वस्तू, पण नाही दिलास तर प्रत्येक भाडेकरू नवीन ठिकाणी ड्रिल मारतो आणि भिंतीची चाळण होते.

रंग सगळ्यात शेवटी. एकच फिका शेड सगळीकडे, नंबर लिहून ठेव आणि उरलेला डबा माळ्यावर. टेक्श्चरच्या भिंतीला एक ओरखडा पडला की तो पॅच आयुष्यात मॅच होत नाही. बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते तिथे आतून पुट्टी फासू नकोस, बाहेरून येणारं पावसाचं पाणी हे सोसायटीचं काम आहे, बायलॉजमध्ये तसंच आहे, सेक्रेटरींना लेखी अर्ज दे आणि पोच घे. आतल्या नळ-संडासाची गळती मात्र आपली.

सेक्रेटरींकडे जाशीलच तेव्हा रिडेव्हलपमेंटचं काय चाललंय ते विचार, हे विचारल्याशिवाय एक रुपया काढू नकोस. तुमच्या रांगेतल्या दोन सोसायट्या गेल्याच ना. मीटिंगमध्ये 79 अ चा (सहकार कायद्यातलं रिडेव्हलपमेंटच्या नियमांचं कलम) विषय निघाला असेल, बिल्डरच्या ऑफर यायला लागल्या असतील, तर वरचं सगळं विसर. गळती थांबव, बोर्ड बदल, रंग मार आणि दे, कारण पाडायच्या बिल्डिंगमध्ये नवीन फरशीला बिल्डर एक पैसा जास्त देत नाही. तसं काही नसेल तरच पुढचं.

दुरुस्तीच्या खर्चाने टॅक्स वाचतो हे तुझ्या त्या मित्राने चुकीचं सांगितलंय. भाड्याच्या उत्पन्नातून कॉर्पोरेशनचा भरलेला टॅक्स वजा करून जे उरतं त्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, तू दुरुस्तीवर दहा रुपये खर्च कर की दहा लाख, तेवढीच. त्यामुळे 'टॅक्स वाचेल' म्हणून खर्च करण्यात अर्थ नाही. बाथरूम, वायरिंग, किचन ह्यांची पक्की बिलं मात्र ठेव, पुढे विकलास तर सुधारणेचा खर्च म्हणून कॅपिटल गेनमध्ये (विकून झालेल्या नफ्याच्या हिशोबात) उपयोगी पडू शकतात, सीएला दाखवता येतील. रंगरंगोटीची नाही चालत. आणि भाड्याने दिलंस की पुणे महापालिकेची स्वतः राहण्याची 40 टक्के सवलत जाते, ते हिशोबात धर. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटीने बिनभोगवटा शुल्क लावलं तर ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांवर लावता येत नाही, जास्त मागितलं तर गोड बोलून नियम दाखव.

म्हणजे सगळं धरून अडीच लाखाच्या आत, आणि मे संपायच्या आत, कारण जूनमध्ये शाळा-कॉलेजच्या हिशोबाने माणसं घरं बदलतात आणि वॉटरप्रूफिंग पावसाच्या तोंडावर करायचं नसतं. राडारोड्याचं आधीच ठरव, लिफ्ट नाही, पोत्यामागे पैसे मागतात, आणि ती पोती रात्री नदीकाठी टाकणाऱ्याला देऊ नकोस, दंड होतो.

शनिवारी माझ्या प्लंबरला घेऊन येते. तोपर्यंत आज रात्री घराचा मेन व्हॉल्व्ह बंद कर आणि दोन दिवस बाथरूममध्ये पाण्याचा थेंब सांडू नकोस. आजोबांना आज एकदा आणि दोन दिवसांनी एकदा त्या डागाचा फोटो काढून पाठवायला सांग. डाग सुकायला लागला नाही तर वरच्यांचं पाणीही तपासावं लागेल. सुकायला लागला तर व्हॉल्व्ह उघड, नळ मात्र कुठलाच सोडू नकोस, एक दिवस थांब, परत ओला झाला तर पाईप. नाही झाला तर ट्रॅपला फडका कोंबून दोन बोटं पाणी भरून ठेव आणि मला फोन कर. इंटिरियरवाल्याला काय सांगायचं ते त्यानंतर ठरवू, आत्ता नुसतं 'घरी विचारून कळवते' म्हण.

काकू