कायदा संघर्षातून जन्मतो की सत्ता आपल्या सोयीनं तो बनवते?

मी सोलापूरचा, घराणं सेटलमेंटातलं, म्हणजे 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना इंग्रज सरकारनं कोंडून ठेवलेल्या वस्तीतलं, त्यामुळं माझं उत्तर सरळ आहे. सत्तेला भीती वाटली की ती कायदा लिहिते. 1857 चं बंड मोडलं आणि 1871 ला इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला. गुन्हा करायची गरजच नाही, त्या जमातीत जन्मलात की झालात गुन्हेगार, आणि सरकारच्या त्या जाहीरनाम्यावर कुठल्या कोर्टानं शंका घ्यायची नाही हेही त्यातच लिहून ठेवलेलं.

आमच्या आज्जीचं लहानपण तारेच्या कुंपणात गेलं. मोठ्यांना दिवसा गिरणी, मग हजेरी, बाहेर जायचं तर पास. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा देशभरातनं गेला, पण आज्जी मरेपर्यंत दिवे लागले की आम्हा पाच नातवंडांना ओट्यावर ओळीनं बसवून मोजायची. मी अकरावीत असताना दादाला नवी पेठेतनं पोलिसांनी उचललं, एका दुकानात चोरी झालेली आणि हा शेजारी कापडाचे गठ्ठे उतरवत होता. साहेबांनी एवढंच विचारलं, राहायला कुठं? तो म्हणला सेटलमेंट. झालं, दोन रात्री बसवून ठेवला, तिसऱ्या दिवशी दुकानातलाच माणूस सापडला तेव्हा नुसतं "जा" म्हणले, कागद नाही काही नाही. त्या दोन रात्री आज्जी मोजतच होती, चार, चार, परत चार.

हॉस्टेलवरचा माझा रूममेट आता वकील आहे, तो अजून म्हणतो चूक पोलिसांची, कायद्याची नाही. अरे पण तो प्रश्न पोलिसाला शिकवला कुणी?

हे फक्त आमच्यापुरतं नाही. मे 1930 मध्ये गांधीजींना अटक झाली, सोलापूर पेटलं, गोळीबार झाला, चौक्या जळल्या आणि 12 मे ला इथं मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लागला. पुढं मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिली, तीही रीतसर खटला चालवून.

आता हेही खरं की तो गुन्हेगार जमाती कायदा घालवला कायद्यानंच, आणि माझी फी माफ झाली ती विमुक्त जातीच्या, म्हणजे त्या कायद्यातनं सुटलेल्या जमातीच्या, दाखल्यावर. तेव्हा कायदाच नको असं मी म्हणत नाही. पण कायद्याचा अभ्यास करताय तर कलम ज्याच्यावर लागलं त्याच्या घरी जाऊन बसा एकदा. आणि तो वकील मित्र हे वाचत असेल तर त्यानं दादाला फोन करावा, दादा अजून कुणी पत्ता विचारला की दुसऱ्याच पेठेचं नाव सांगतो.