शारजाचं टेबल आणि आईचं सोनं

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. नागपुरात मनीषनगरच्या घरात जेवणाच्या टेबलावर बसून तुम्ही आखातातल्या दोन कंत्राटदारांना बांधकामाच्या सळ्यांचं शेड्युल आणि क्वांटिटी, म्हणजे कुठे किती माल लागेल याचा हिशेब, काढून देता, महिन्याला साधारण 1 लाख 80 हजार येतात. आता अमिरातीतल्या शारजाच्या फ्री झोनमध्ये, म्हणजे कंपन्यांसाठी वेगळे नियम असलेल्या भागात, एजंटमार्फत कंपनी काढायची, शेअर्ड ऑफिसात टेबल घ्यायचं, सहा महिने तिथे राहायचं. खर्च 24 लाख: 14 लाखांची एफडी मोडून आणि आईच्या सोन्यावर 10 लाखांचं कर्ज काढून.

आधी सोन्याचंच बोलतो, कारण ते मला खटकलं. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेत एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, पण अशा भांडवली गुंतवणुकीसाठी बँकांनी कर्ज देऊ नये असा नियम आहे. म्हणजे 10 लाख तिथेच गळाले. सोनं कपाटात राहू द्या.

उरले 14 लाख. एका आर्थिक वर्षात 10 लाखांपुढे जे पाठवाल त्यावर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो पैसा बुडत नाही, आयकर रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर अडकतो. पाठवायचेच असतील तर अर्धे 31 मार्चच्या आत आणि अर्धे एप्रिलमध्ये पाठवा, कापलाच जाणार नाही. स्वतःच्या परदेशी कंपनीत पैसे घालणं ही बँकेच्या लेखी परदेशात केलेली थेट गुंतवणूक. त्यासाठी पैसे जाण्याआधी फॉर्म एफसी भरून नंबर घ्यावा लागतो आणि पुढे दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत कंपनीचा अहवाल द्यावा लागतो. एजंट म्हणतो ‘कार्ड स्वाइप करा, झालं’. त्याचं झालं, तुमचं नाही.

आता टेबल. एका अशिलासोबत मी असा फ्लेक्सी डेस्क, म्हणजे अनेकांनी वाटून वापरायचं टेबल, बघायला गेलो होतो. काचेच्या दारामागे एक लांब टेबल, त्यावर कुणाचा तरी अर्धा उरलेला चहा, आणि भिंतीवर कंपन्यांच्या नावांच्या पट्ट्या, वीसेक तरी. आमच्या माणसाच्या वाट्याला महिन्याचे मोजके तास. तरी त्या टेबलावरच लायसन्स टिकतं आणि व्हिसा किती मिळणार हेही बहुतेक जागेवरच ठरतं, म्हणून ते विकत घ्यावंच लागतं. गिऱ्हाईक मात्र त्यासोबत येत नाही. बँकेत कंपनीचं खातं उघडतानाही अशा पत्त्याकडे बारकाईने बघतात. खात्याविना महिने गेलेले लोक मला माहीत आहेत.

‘तिकडे टॅक्स नाही’ हेही जुनं झालं. 2023 पासून अमिरातीत 3 लाख 75 हजार दिरहमांपुढच्या नफ्यावर 9 टक्के कर आहे. फ्री झोनला शून्य दर मिळतो, पण अटी पाळल्या तर. शिवाय सहा महिने राहून परतलात की वर्षाचे बाकीचे दिवस तुम्ही नागपुरात. 182 दिवस भरले की तुम्ही इथल्याच रहिवासी, आणि तिकडची कंपनी, तिकडचं खातं इथल्या रिटर्नमध्ये दाखवावंच लागेल.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाहीच. 1 लाख 80 हजार गुणिले बारा म्हणजे 21 लाख 60 हजार. 20 लाखांच्या वर गेलात, म्हणजे जीएसटी नोंदणी लागते. ती केली आहे का? नसेल तर याच आठवड्यात सीएकडे जा. एलयूटी हे हमीपत्र भरलं की बाहेरच्या बिलावर कर शून्य. मग मला सांगा, शारजाच्या पत्त्याने नेमकं काय सुटणार आहे? बिलं नागपुरातूनही जातात आणि वेळेचा फरकही दीड तासाचाच.

खरी अडचण वेगळी आहे. दोन्ही कामं तुमच्या एकाच जुन्या साहेबांच्या ओळखीने आलीत. ते उद्या कंपनी बदलतील, मग?

म्हणून मी असं करेन. एफडीतले दीड-दोन लाख काढा. नोव्हेंबरच्या सुमारास दुबईत बांधकामाचं ‘बिग 5’ प्रदर्शन भरतं, तेव्हा भेटीच्या व्हिसावर पंधरा दिवस जा, लोकांना भेटा. शारजातल्या सरकारी कचेऱ्यांना शुक्रवार-शनिवार-रविवार तिन्ही दिवस सुट्टी असते, तेव्हा तिथली सरकारी चौकशी सोमवार ते गुरुवार उरका. आणि धरमपेठेत किंवा सदरमध्ये दोन खुर्च्यांची शेअर्ड जागा घ्या, पॉलिटेक्निकचा एखादा हुशार पोरगा हाताशी ठेवा. साहेबांच्या ओळखीशिवाय तिसरं काम मिळालं आणि ते सहा महिने टिकलं, की कंपनीचं पुन्हा बोलू.

तोवर कोटेशन देणाऱ्या त्या एजंटला तीन गोष्टी लेखी विचारा: दुसऱ्या वर्षी रिन्यूअल किती, व्हिसा आणि वैद्यकीय तपासणी धरून एकूण किती, आणि कंपनी बंद करायची झाली तर किती. उत्तर आलं की मला पाठवा.