हेटरोजेनिटीला 'विषमता' म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की मेटा-ॲनालिसिसवरच्या (म्हणजे एकाच प्रश्नावरच्या अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र मांडण्याच्या पद्धतीवरच्या) लेखाचं मराठी करताना हेटरोजेनिटीला 'विषमता' लिहिलं तर चालेल का. वाक्य दिलंय: 'अभ्यासांमधली विषमता ७५ टक्के होती.'

मला विचाराल तर नको. विषमता म्हटलं की गरीब-श्रीमंत, स्त्री-पुरुष असंच डोळ्यासमोर येतं, कुणावर तरी अन्याय झालाय असं वाटतं, आणि इथे म्हणायचंय एवढंच की एकाच औषधावरच्या अभ्यासांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. 'विजातीयता' व्युत्पत्तीला धरून आहे, ग्रीकमध्ये हेटेरोस म्हणजे दुसरा आणि गेनोस म्हणजे जात-कुळी, पण 'जात' दिसली की वाचक भलतीकडेच जातो. शाळेत समांगी-विषमांगी मिश्रणं शिकलोय सगळे, त्यावरून 'विषमांगता' मला पटतो. 'विविधता' मात्र राखून ठेवा, पेशंटांची वयं, डोस, अभ्यासाची पद्धत यांतल्या वेगळेपणासाठी. ती कारण झाली, विषमांगता हा आकड्यांत दिसणारा परिणाम.

मग सरळ 'तफावत' का नको? कानाला तोच सगळ्यात गोड लागतो, पण तफावत तर नुसत्या योगायोगानेही पडते. समजा एका अभ्यासात बीपी ४ ने उतरलं, दुसऱ्यात ६ ने. अभ्यास छोटे असतील आणि दोन्हींचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा असा अंदाज) ±५ असेल तर २ चा फरक काहीच नाही, आय-स्क्वेअर (फरकातला किती टक्के भाग योगायोगापलीकडचा हे सांगणारा आकडा) शून्य येतो. तेच अभ्यास प्रचंड मोठे असते आणि इंटरव्हल ±०.५ असता तर त्याच ४ आणि ६ वर आय-स्क्वेअर जवळपास ९७ टक्के! तफावत तेवढीच, विषमांगता मात्र कुठल्या कुठे. म्हणून तफावत वापरायचाच तर 'योगायोगापलीकडची तफावत' असं पूर्ण लिहा.

हा आय-स्क्वेअर हिगिन्स आणि थॉम्पसन यांनी २००२ मध्ये मांडला, त्याच्या मुळाशी विल्यम कॉक्रन यांचा १९५४ चा क्यू (अभ्यासांचे आकडे एकूण किती विखुरलेत याचं माप) आहे: क्यूमधून अभ्यासांच्या संख्येपेक्षा एक कमी एवढा आकडा वजा करायचा, क्यूनेच भागायचं, उत्तर ऋण आलं तर शून्य धरायचं. ('कॉक्रन रिव्ह्यू' नावाचे अभ्यासांचे आढावे ज्यांच्या नावाने निघतात ते आर्ची कॉक्रन वेगळे बरं का, इंग्रजीत त्यांच्या नावाला शेवटी एक ई जास्त आहे, देवनागरीत दोघं सारखेच दिसतात त्यामुळे पूर्ण नाव लिहिलेलं बरं.)

तर आय-स्क्वेअर ७५ टक्के म्हणजे ७५ टक्के अभ्यास वेगळे निघाले असं नाही, आणि फरक फार मोठा आहे असंही नाही, तो किती मोठा हे सांगायला टाऊ नावाचं वेगळं माप आहे. तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'अभ्यासांच्या निकालांत जो फरक दिसतो त्यातला सुमारे ७५ टक्के भाग निव्वळ योगायोगाचा नाही.' लांब झालं खरं, पण पेशंटच्या घरच्यांनी वाचलं तरी चुकीचा अर्थ जाणार नाही, आणि पहिल्यांदा लिहिताना कंसात 'विषमांगता' टाका म्हणजे पुढे तो एकच शब्द पुरतो.