मित्रांशी फोनवर बोलणं दोन मिनिटांत संपतं. विषय कुठून आणायचे?

तुम्ही लिहिलंय की शाळेतले तीन मित्र आता तीन शहरांत आहेत, दोन-चार महिन्यांनी फोन होतो, ‘बाकी काय?’ ‘काही नाही, तुझं?’ इथे गाडी अडते आणि फोन ठेवला जातो. गप्पा रंगाव्यात म्हणून विषय सुचवा, असं तुमचं म्हणणं आहे.

मी विषय सुचवणार नाही. तुमचं दुखणं विषयांचं नाहीच, दोन-चार महिन्यांचं आहे. इतक्या दिवसांनी बोललं की माणूस अहवाल देतो. नोकरी बरी चाललीय, मुलगी दहावीला गेली, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. अहवाल दोन मिनिटांतच संपतो. रोज बोलणाऱ्यांचे विषय संपत नाहीत, कारण कालचं अर्धं राहिलेलं असतं. शेजारच्यांची म्हैस व्यायली की नाही, हे आज विचारायला ती व्यायला झालीय हे काल कळलेलं असावं लागतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. १९९० पासूनची माझी एक मैत्री नेमक्या याच मुद्द्यावरून सात महिने बंद पडली होती. तुमचा प्रश्न वाचला आणि ते सगळं वर आलं.

आम्ही दोघी सांगलीत डी.एड.ला एका खोलीत राहिलो. पुढे मला जत तालुक्याच्या पूर्व भागात जिल्हा परिषदेची शाळा मिळाली, जिथे निम्मी मुलं घरी कन्नड बोलतात. तिला मिळाला रत्नागिरी जिल्हा, संगमेश्वर तालुक्यातली एक वाडी. ती तासगावची. द्राक्षाच्या मुलखातली पोरगी एकदम त्या पावसात जाऊन पडली. पहिल्या वर्षी तिची निळी आंतरदेशीय पत्रं यायची. आतली पानं भरली की घडीच्या कडेला, जिथे डिंक असतो तिथेही लिहिलेलं असायचं. उघडताना तेवढा मजकूर नेमका फाटायचा. पत्रात काय असायचं? भिंतीला ओल आली, चौथीतल्या एका मुलाने तिला खेकडा आणून दिला, पेजेत मीठ जास्त पडलं. कामाचं एक वाक्य नसायचं.

मग ती देवरुखला खोली करून राहिली. घरमालकांचा खाली एसटीडी बूथ होता. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून शनिवारी अकरा वाजून गेले की ती फोन लावायची. आमच्याकडे फोन नव्हता, शेजारच्या किराणावाल्या काकांचा पी.पी. नंबर होता. काका शनिवारी आमच्यासाठी जागे राहायचे. रागवायचे नाहीत, उलट काकूंना सांगायचे, ‘पोरींना बोलू दे’. तिच्यासमोर मीटरचे लाल आकडे पळायचे आणि वीस रुपये झाले की ती ‘ठेवते गं’ म्हणायची, वाक्य अर्धं असलं तरी. ते अर्धं वाक्य पुढच्या शनिवारी पुरं व्हायचं. तीस पटाच्या दोन वर्गांना एकटीने शिकवणाऱ्या त्या मुलीला आठवडाभर ‘अगं’ म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि मलाही.

२००३ साली मोबाइलवर येणारे कॉल फुकट झाले, तेव्हा आमची चंगळ झाली. एक मिस कॉल म्हणजे घरी पोचले. दोन म्हणजे मोकळी आहे, लाव. तिनेच मला कुळथाची पिठी शिकवली, फोनवरून. पीठ पाण्यात आधी कालवायचं, फोडणीत लसूण ठेचून घालायचा, आमसूल शेवटी. माझी पिठी दरवेळी गुठळ्यांची व्हायची आणि दरवेळी तिला ते ऐकायला हवं असायचं.

२०१८ साली तिची आंतरजिल्हा बदली पुणे जिल्ह्यात झाली. चिंचवडला फ्लॅट घेतला. मला आनंदच झाला, पंचवीस वर्षं बदलीची वाट पाहिली होती तिने. आमच्या बॅचचा व्हॉट्सॅप ग्रुपही त्याच सुमारास झाला. रोज सकाळी फुलांची चित्रं, सणाला दिवे, कुणाच्या घरी काही झालं की खाली चाळीस जणांचे हात जोडलेले. त्याला मी बोलणं मानत नाही. स्नेहसंमेलनाची तारीख ठरवायला आणि लग्नाची पत्रिका पाठवायला ग्रुप चांगला, त्यापुढे नाही.

आता मूळ गोष्ट. २०२२ चा जुलै. संध्याकाळी मी कुळथाची पिठी केली आणि ती जमली. एकही गुठळी नाही. नवरा दोनदा वाढून घेऊन जेवला. मी हात पुसत तिला फोन लावला. पाच-सहा रिंग झाल्यावर तिने उचलला आणि म्हणाली,

‘बोल, काय काम होतं?’

मी म्हटलं, ‘काही नाही गं, सहज.’

‘अगं, मग आधी मेसेज टाकत जा ना. मोकळी आहेस का म्हणून. असा एकदम फोन नको करत जाऊस.’

मी ‘बरं’ म्हणाले आणि ठेवला. पिठीचं सांगितलंच नाही. त्या रात्री मी रडले, आणि ते लिहायला मला संकोच वाटत नाही. काय काम होतं, हे साहेब विचारतो, बँकेतला माणूस विचारतो. जिने चिकटपट्टीच्या जागेवरसुद्धा मला पत्र लिहिलं, तिने मला काम विचारावं?

मी फोन करणं बंद केलं. तिनेही केला नाही. दिवाळीला दिव्यांचं चित्र आलं, मी दिव्यांचं चित्र पाठवलं. संक्रांतीला तिळगूळ आला, तिळगूळ गेला. मध्ये दोनदा रात्री तिच्या नावाखाली ‘टाइप करत आहे’ असं दिसलं. मी फोन हातात धरून बसले. आलं काहीच नाही.

माझी मुलगी बंगळूरला आयटीत आहे. तिचं म्हणणं, मावशीचं बरोबर आहे, न विचारता फोन करणं म्हणजे न विचारता घरात शिरणं. यावर आमचं चांगलंच वाजलं. आमच्या गावात दार उघडंच असतं आणि बाई उंबऱ्यातून हाक मारते, ‘आहेस का गं घरात?’ आतली कामात असेल तर आतूनच सांगते, ‘कणकेत हात आहेत, नंतर ये.’ कुणाचा अपमान होत नाही. फोन न उचलणं म्हणजे तेच. उचलू नका ना! पण हाकच मारू नको म्हणणं वेगळं. मी बहिःस्थ एम.ए. करताना मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाबद्दल वाचलं होतं. न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहून आल्यावर त्याने १९२३ साली लिहिलं की माणसं पुष्कळदा काही कळवायला बोलतच नाहीत, एकमेकांशी बांधलेलं राहायला बोलतात. हवापाण्याचं, तब्येतीचं बोलणं त्यासाठीच असतं. ‘जेवलीस का?’ हा प्रश्न भाकरीबद्दल नसतो, हे आपल्याकडे कुणालाही ठाऊक आहे. मी मुलीला हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पटलं नाही.

मग २०२३ च्या मार्चमध्ये बॅचमधल्या एकीच्या मुलीचं लग्न मिरजेला होतं. पंगतीत मी बसले आणि ती येऊन शेजारी बसली. जिलबी वाढून झाली, दोघींनी हात लावला नाही. मग तिने सांगितलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये तिचा धाकटा भाऊ करोनाने गेला, ते मला माहीत होतं, तेव्हा आम्ही फोनवर बोललोही होतो. पण त्या पंधरा दिवसांत तिला असे तीन फोन आले होते. एक भाऊ गेल्याचा, एक चुलता गेल्याचा, एक शाळेतली सहशिक्षिका गेल्याचा. तिन्ही रात्रीचे, तिन्ही न सांगता आलेले. तेव्हापासून फोन वाजला की तिचे हात गार पडायचे. रिंग तिने कायमची बंद करून ठेवली होती. त्या जुलैत माझं नाव पडद्यावर दिसलं तेव्हा तिला वाटलं, माझ्या घरी काहीतरी झालं. मी ‘सहज’ म्हणाले, तेव्हा सुटका झाली आणि त्या सुटकेतच ती चिडली.

‘मग हे तू मला सांगितलं का नाहीस?’

‘दोनदा लिहायला घेतलं. असलं लिहिता येतं का गं?’

सात महिने गेले, ते ह्यामुळे. दोन ओळींत मावत नव्हतं आणि फोन तर बंद होता. माझीही चूक आहे. मी त्या रात्री ‘बरं’ न म्हणता ‘काय झालंय तुला?’ विचारायला हवं होतं.

पण खरं भांडण त्यानंतर झालं, तिथेच, पंगतीत. ती म्हणाली, म्हणूनच सांगते, आधी मेसेज टाक. मी म्हटलं, उलट आहे. फोन फक्त बातमी घेऊन येतो, म्हणून तुला त्याची भीती बसलीय. तो रोज वाजला, रोज त्यातून पिठी आणि शाळेतली पोरं आणि एसटीचा उशीर एवढंच आलं, तर वाजण्याची धास्ती जाईल. देवरुखहून शनिवारी रात्री अकराला फोन यायचा, तेव्हा काकांच्या घरात कुणी दचकत नव्हतं. का? दर शनिवारी यायचा म्हणून. तिला हे पटलं नाही. पण ‘बघू’ म्हणाली.

दुसऱ्या सोमवारपासून मी रोज फोन करते. शाळा सुटली की फाट्यापर्यंत बारा मिनिटं चालायचं असतं, तेवढा वेळ. शनिवारी सकाळची शाळा, त्या दिवशी साडेअकराला. वेळ ठरलेली, त्यामुळे मेसेजही लागत नाही आणि एकदम फोनही नाही. तिचं निम्मं राहिलं, माझं निम्मं राहिलं असं लोक म्हणतील. मी तसं मानत नाही. मी म्हणत होते तेच झालं. दीड-दोन महिन्यांनी एकदा तिच्या घरातला आवाज ऐकू आला, नवरा आतून ओरडत होता, ‘अगं, वाजतोय तुझा!’ रिंग तिने चालू केली होती. मला सांगितलं नव्हतं.

तर तुमच्या मित्रांचं. तिघांना एकदम धरू नका, एकाला धरा. ग्रुप कॉल तर नकोच, तिथे एक बोलतो आणि बाकीचे जेवतात. चालताना, भाजी निवडताना, गाडी धुताना फोन लावा, म्हणजे मध्ये दोघं गप्प राहिलात तरी अवघडल्यासारखं होत नाही. नुसतं फोन धरून समोरासमोर बसल्यासारखं बोलायला गेलात की ‘बाकी काय?’ येणारच. जात्यावर दोघी बसायच्या, हात खुंट्याला असायचा आणि ओवी तोंडात यायची. नुसत्या बसून कुणी ओव्या म्हणत नव्हतं. आणि आपण होऊन काहीतरी बारीक सांगा. आज डब्यात काय होतं, कुणाशी वाजलं, रस्त्यात काय दिसलं. ‘तुझं काय चाललंय’ असं विचारलं की समोरचा अहवालाकडे वळतो.

मित्राने ‘काही काम होतं का?’ असं विचारलं तर माझ्यासारखे गप्प बसू नका. ‘काम नाही, तुझा आवाज ऐकायचा होता’ असं म्हणा. पुरुषांना हे म्हणायला जड जातं, माझ्या नवऱ्याला जातं. त्याचा एक जिवलग मित्र तासभर अंतरावर राहतो आणि दोघं वर्षाला एकदा, पाऊस किती झाला एवढंच बोलतात. मी किती वर्षं सांगतेय.

हेही सांगायला हवं की सगळ्यांना रोज जमणार नाही. पाळीवर जाणारे असतात, घरात आजारी माणूस असतं, काहींना फोनवर बोलणंच नको वाटतं पण भेटले की रात्र जागवतात. त्यांना आठवड्यातून एकदा करा, पण वार ठरवा. आणि जो दरवेळी फक्त स्वतःचं रडगाणं लावतो आणि तुमचं ऐकत नाही, त्याच्यासाठी हे काहीच लागू नाही. एखादा न बोलता दूर झाला तर त्याच्या घरी काय झालंय ते आधी बघा, मग रुसा.

काल तिने गॅलरीत लावलेलं कोकमाचं रोप गेलं. देवरुखहून आणलेलं तिसरं. मी म्हटलं, ती हवा त्याला मानवत नाही, नाद सोड. ती म्हणाली, चौथं आणणार. तेवढ्यात माझी एसटी आली.