न्यूझीलंडचा रग्बीपटू जोना लोमू थेट १९९५ च्या रग्बी विश्वचषकातच पुढे आला का?

नाही, त्याआधीचे एक वर्ष बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहे. ऑकलंडमध्ये टोंगन कुटुंबात वाढलेला लोमू शाळेत फॉरवर्ड, म्हणजे ताकदीच्या झुंजीत पुढे असणारा खेळाडू, म्हणून खेळत असे. मात्र सुमारे १.९६ मीटर उंचीच्या या मुलाचा वेग पाहून निवडकर्त्यांनी त्याला विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेच्या वेगवान खेळाडूच्या जागी, खेळवले आणि जून १९९४ मध्ये ख्राइस्टचर्च येथे फ्रान्सविरुद्ध, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, तो ऑल ब्लॅक्सचा (न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाचा) सर्वांत तरुण कसोटी खेळाडू ठरला. पदार्पण मात्र फिके पडले. न्यूझीलंडने दोन्ही कसोट्या गमावल्या, आणि विंगवर कुठे उभे राहावे, पाठीमागे पडणारा चेंडू कसा सांभाळावा, ही नव्या जागेची अंगे त्याच्या अंगवळणी पडलेली नव्हती, हे फ्रेंच खेळाडूंनी अचूक हेरले. त्यानंतर तो संघाबाहेर गेला. माझ्या मते ही निवडच घाईची होती.

विश्वचषकासाठी त्याला पुन्हा संधी मिळाली. केप टाउनमधील उपांत्य सामन्यात त्याने इंग्लंडविरुद्ध चार ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीवर टेकवून मिळवलेले गुण) नोंदवले. त्यांतील पहिल्यात, दोघांना चुकवून तोल जात असतानाही, तो इंग्लंडचा फुलबॅक (सर्वांत मागे उभा राहणारा बचावपटू) माइक कॅट याला अक्षरशः तुडवत पुढे गेला. न्यूझीलंडने तो सामना ४५–२९ असा जिंकला, अंतिम सामना मात्र दक्षिण आफ्रिकेविरुद्ध गमावला.

विशेष म्हणजे तेव्हा रग्बी युनियन, म्हणजे रग्बीचा हा पंधरा खेळाडूंचा प्रकार, अधिकृतपणे हौशी, म्हणजे मानधनाविना खेळला जाणारा, खेळ होता. व्यावसायिकतेला मान्यता मिळाली ती त्यानंतर, ऑगस्ट १९९५ मध्ये, आणि पुढे लोमूला मूत्रपिंडाच्या गंभीर विकाराचे निदान झाले.