सासऱ्यांचा डिस्चार्ज अडलाय, पैसा कुणी द्यायचा?

प्रश्न : माझ्या ८३ वर्षांच्या सासऱ्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, घरी न्यायला हरकत नाही. तरी ते वॉर्डातच आहेत, कारण घरी सकाळ-संध्याकाळ मदतीला माणूस हवा आणि संडासात आधाराच्या दांड्या हव्यात. हॉस्पिटल काउंटी काउन्सिलकडे (जिल्ह्याचा कारभार बघणारी संस्था) बोट दाखवतं, काउंटी म्हणते दांड्यांचं बरो काउन्सिलला (त्याखालची स्थानिक संस्था) विचारा. या सगळ्यांचा पैसा म्हणे ‘बेटर केअर फंडा’त एकत्र असतो. मग ही टोलवाटोलवी का? आणि त्या पैशाचं ठरवतं कोण?
— एक सून, मिडलंड्स, इंग्लंड

उत्तर : आधी सासऱ्यांना घरी आणू या, मग फंडाचं बघू.

वॉर्डात डिस्चार्जचं काम बघणाऱ्या व्यक्तीला आजच गाठा आणि ‘रीएबलमेंट’ मिळेल का, असं स्पष्ट विचारा. आजारपणानंतर माणसाने पुन्हा आपल्या हाताने कपडे घालावेत, चहा करून घ्यावा, यासाठी घरी येऊन दिलेली ही मदत असते. ती मंजूर झाली की ६ आठवड्यांपर्यंत तिचे पैसे घेता येत नाहीत, बँकेत शिल्लक कितीही असो.

दांड्यांसाठी तुम्हाला बरोकडे पाठवायलाच नको होतं. केअर अ‍ॅक्ट २०१४ खालच्या नियमांप्रमाणे गरज ठरल्यावर १,००० पौंडांपर्यंतचे किरकोळ बदल आणि साधनं मोफत द्यायची असतात, आणि ती जबाबदारी सोशल केअर, म्हणजे रोजच्या जगण्यातली देखभाल, सांभाळणाऱ्या काउन्सिलची, म्हणजे तुमच्या काउंटीची. बरोचा संबंध येतो तो मोठ्या कामाला : जिन्याची लिफ्ट, बाथटब काढून सपाट शॉवर. त्यासाठी ‘डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट’ आहे. इंग्लंडमध्ये तिची कमाल मर्यादा ३०,००० पौंड, आणि तिथे उत्पन्न आणि बचत बघतात.

मी नोकरीभर ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारी) म्हणून लोकांच्या घरी जाऊन हेच पाहत आले, म्हणून एक काम सांगते. सासऱ्यांची रोजची खुर्ची, पलंग आणि कमोड या तिन्हींची जमिनीपासूनची उंची टेपने मोजा. खुर्ची आणि पलंग मोजताना गादीवर कुणाला तरी बसवा, कारण गादी दबते. दारांची रुंदीही घ्या, वॉकर आत जायला हवा. फोटो काढून मापांसकट वॉर्डातल्या थेरपिस्टला द्या. ती सासऱ्यांच्या पायाचं माप टाचेपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंत घेईल. सीट त्याहून खाली असली की उठताना सगळा भार नव्या खुब्यावर येतो. ही मापं हाती असली तर घर बघायला जायची वाट न पाहता उंच सीट मागवता येते. कितीतरी डिस्चार्ज मी एवढ्याशा गोष्टीपायी अडलेले पाहिलेत, आणि प्रत्येक वेळी जीव तुटला आहे. अंथरुणात पडून म्हातारी माणसं फार लवकर पायांतली ताकद गमावतात.

आणि तुमचं स्वतःचं काय? काळजी घेणाऱ्या व्यक्तीला ‘केअरर्स असेसमेंट’चा, म्हणजे तिला स्वतःला कसली मदत हवी हे तपासून घेण्याचा, वेगळा हक्क आहे. तो सोडू नका.

आता फंड. उपचारांची एक आणि देखभालीची दुसरी, अशी दोन तिजोऱ्यांची ही वाटणी ५ जुलै १९४८ पासूनची. त्याच दिवशी एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली, सगळ्यांना मोफत, आणि त्याच दिवशी अमलात आलेल्या दुसऱ्या कायद्याने म्हाताऱ्यांची देखभाल काउन्सिलांकडे दिली, ती ऐपत पाहून. आजही २३,२५० पौंडांहून अधिक बचत असेल तर देखभालीचा खर्च साधारणपणे स्वतःच करावा लागतो (घरीच राहणार असाल तर राहतं घर त्यात धरत नाहीत). हा आकडा २०१० पासून हललेला नाही, ही मला सरळ सरळ अन्यायाची गोष्ट वाटते.

ही दरी बुजवायला बेटर केअर फंड २०१३ मध्ये जाहीर झाला आणि एप्रिल २०१५ पासून चालू झाला. पहिल्या वर्षी किमान ३.८ अब्ज पौंड एकत्र करायचे होते, पण त्यातला बहुतेक पैसा आरोग्याच्या ठरलेल्या बजेटमधूनच वळवलेला. त्या वर्षी हॉस्पिटलातल्या तातडीच्या भरती १,०६,००० ने कमी करायच्या होत्या, त्या ८७,००० ने वाढल्या. राष्ट्रीय लेखापरीक्षकांनीच २०१७ मध्ये हे मांडलं. तरीही मी फंडाच्या बाजूची आहे. रीएबलमेंट घेऊन घरीच टिकलेल्या वृद्धांचं प्रमाण त्याच काळात सुधारलं, आणि डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँटचा पैसाही याच फंडातून येऊ लागला. पण खातं एकत्र असलं तरी कुठल्या कामाला किती, हे आधी करारात लिहिलेलं असतं. वॉर्डातल्या नर्सला त्यातून पैसे काढता येत नाहीत. तुमची टोलवाटोलवी तिथून येते.

तो करार काउन्सिल आणि एनएचएसचं इंटिग्रेटेड केअर बोर्ड (तुमच्या भागातला आरोग्याचा पैसा बघणारं मंडळ) मिळून करतात, आणि आराखड्याला मंजुरी देतं तुमच्या काउंटीचं ‘हेल्थ अँड वेलबीइंग बोर्ड’, म्हणजे काउन्सिल आणि एनएचएस यांचं एकत्र बसणारं मंडळ. त्याच्या बैठका लोकांसाठी खुल्या असतात, कागदपत्रं काउन्सिलच्या वेबसाइटवर असतात. प्रश्न सहसा काही दिवस आधी लेखी द्यावा लागतो. सासरे घरी आले, की दोनच गोष्टी विचारा : यंदा फंडातला किती पैसा रीएबलमेंटवर ठेवलाय, आणि घरी जायला तयार असलेली माणसं सरासरी किती दिवस वॉर्डात थांबली. उत्तर लेखी मागा.